आण्णांची पाठ

माघ सरत आला होता. ऊन कोवळं नव्हतं, कठोरही नव्हतं; गुळाच्या काहिलीतून नुकत्याच उतरलेल्या काकवीसारखं दाट, तांबूस, संथ होतं. पंचगंगेकाठी उसाला रुपेरी तुरे, तुऱ्यांवर वारा, वाऱ्यावर गुळाचा गंध. त्या गंधभारल्या प्रकाशाची एक तिरीप रोज दुपारी कोल्हापुरातल्या एका कला महाविद्यालयाच्या शिल्पशाळेत उतरायची आणि ओल्या फडक्याखाली झाकलेल्या मातीच्या मुखावर विसावायची. ते मुख शलाका शिंत्रेच्या वडिलांचं होतं, आणि ते काही केल्या जमत नव्हतं.

आण्णा दवाखान्यात कंपाउंडर. दर रविवारी ते अंघोळ करून, केसांना तेल चोपडून, इस्त्रीच्या सदऱ्यात तिच्यासमोर बसायचे. मान ताठ, ओठ मिटलेले, नजर समोरच्या भिंतीवर. आधार कार्डाच्या फोटोला बसावं तसे. पोरगी आपला चेहरा कॉलेजच्या वार्षिक प्रदर्शनात मांडणार, हे त्यांनी दवाखान्यात सांगितलं होतं, सलूनात सांगितलं होतं, चहाच्या गाड्यावर तर दोनदा सांगितलं होतं. याच माणसानं कला महाविद्यालयाचं नाव काढल्यावर तिच्याशी आठवडाभर अबोला धरला होता. आता गल्लीभर मिरवणारा त्यांचा अभिमान पाहून शलाका ते नाक पुन्हा खरवडून नव्यानं घडवायला बसायची.

शिल्पशाळेतले सर एकदा मुखाभोवती फिरले आणि हळूच म्हणाले, की नाक आण्णांचं आहे, कान आण्णांचे आहेत, फक्त आण्णा तेवढे इथे नाहीत. ते खरं होतं, म्हणून फार लागलं.

त्याच आठवड्यात गावात नव्या चित्रकारांचं आणि शिल्पकारांचं प्रदर्शन लागलं. पांढऱ्या भिंती, शांत दिवे, आणि भिंतीभिंतींवर रंगांचे निःशब्द प्रपात. निळ्यात निळं मिसळलेलं निळं. राखाडीच्या कुशीत निजलेलं केशरी. एका चित्रात नुसती वाळत घातलेली धोतरं होती. माणूस एकही नाही, तरी घर भरलेलं वाटत होतं. शलाका तिथे थोडी रेंगाळली.

दालनाच्या मधोमध, मेघश्याम पाषाणात, भाकरी थापणारी एक बैठी स्त्री होती. तिला चेहराच नव्हता. तिथला दगड नुसता गुळगुळीत करून सोडून दिलेला. शलाकाला रागच आला. इथे आपण एका नाकासाठी महिनाभर झिजतोय, आणि या शिल्पकारानं चेहऱ्याचं कामच अंगाबाहेर टाकलं!

पण चित्रासमोर उभं राहायचं असतं आणि शिल्पाभोवती फिरायचं असतं, हे अंगवळणी पडलेलं. ती फिरली, आणि मागे जाऊन थांबली.

मागे ती बाई जिवंत होती. वर आलेला खांदा, वाकलेला कणा, कण्याच्या पन्हळीत साचलेली सावली, मानेवर सैल झालेला अंबाडा. सावली म्हणजे शीण, शीण म्हणजे दिवस, दिवस म्हणजे अख्खं आयुष्य. ही सगळ्यांना वाढणार आणि शेवटची अर्धी भाकरी स्वतः खाणार, हे त्या पाठीकडे पाहूनच कळत होतं. तिचा चेहरा कसा, हे कुणी विचारलंही नसतं.

आणि शलाकाला सायकल आठवली. शाळेचा तो चढ, कॅरिअरवर बसलेली ती, आणि समोर आण्णा. आण्णा म्हणजे समोरची पाठ. सदऱ्यावर पसरत जाणारं घामाचं बेट, पायडलावर भार देताना उजवीकडे झुकणारा खांदा, चढ संपला की खाली बसणारा श्वास. सबंध शाळेची वर्षं ती त्या पाठीकडे पाहत मोठी झाली होती. आण्णांचा चेहरा तिला ओळखीचा होता; पाठ तिला पाठ होती.

दुसऱ्या दिवशी तिनं मुख मोडलं. ते मोडणं म्हणजे आण्णांचा शब्द गल्लीसमोर खोटा पाडणं होतं. मग त्याच मातीत आणखी माती कालवून तिनं पाठ उभी केली, झुकलेल्या खांद्याची, ओणवलेल्या मानेची. घरी मात्र तिची बोलायची छाती झाली नाही; रविवारचं बसणं संपलं, एवढंच तिनं आण्णांना सांगितलं.

वार्षिक प्रदर्शनाला आण्णा कडक सदऱ्यात, आईला घेऊन आले. दालनात शिरल्यापासून ते स्वतःला शोधत होते. मांडलेला एकेक चेहरा न्याहाळत, मान हलवत ते पुढे सरकले आणि त्या पाठीपाशी येऊन थबकले.

"ह्यो गडी कोण म्हणायचा गं?" ते म्हणाले. "लई दमलेला दिसतोय."

शलाकानं आईकडे पाहिलं. आई पदर सावरत पुढे झाली.

"तुमीच की. लगीन झाल्यापासनं ह्याच पाठीमागनं चालत आलीया मी. मला न्हाई कळणार?"

आण्णांनी उजवा हात खांद्यावरून मागे नेला. मातीत जिथे, दोन खांद्यांच्या मधोमध, शलाकानं अंगठा खोल दाबला होता, आपल्या पाठीवर तिथे पोचायचा त्यांनी प्रयत्न केला. माणसाचा हात तिथवर जात नाही. त्यांनी हात खाली घेतला आणि सदरा नीट केला.

"समद्यास्नी तोंड बघाय या म्हणून सांगितलंय," ते म्हणाले. "आता पाठ बघाय या म्हणून सांगावं लागंल."

परतताना सांज झाली होती. रंकाळा तळ्यावर तेच काकवीचं ऊन, तोच गुळाचा गंध. आण्णा नेहमीसारखे पुढे, मागे दोघी. आज मात्र ते छाती काढून, खांदे सारखे करून चालत होते. आपल्या मागे डोळे आहेत हे त्यांना आयुष्यात प्रथमच कळलं होतं. आई पदराआड हसली.

वळणापर्यंत ते तसे चालले. मग कुणीतरी ओळखीचं भेटलं, चार शब्द झाले, आणि ते विसरले. उजवा खांदा हळूहळू झुकला, मान ओणवली, कणा आपल्या जुन्या वाकात आला. आणि तळ्यावरून येणारं ते शेवटचं तांबूस ऊन, थोडं थोडं करत, त्या पाठीवर जाऊन बसलं.