दातांचा साचा आणि चार शब्द

मी एक जुना माउथगार्ड आहे, खेळाडूच्या दातांना मार लागू नये म्हणून त्यांवर बसवायचे रबरी कवच. नाक मुरडू नका, मित्रांनो. माझ्यावर चाव्यांचे खड्डे पडले आहेत आणि निळा रंग विटून करडा झाला आहे, हे मलाही दिसते. राग त्याचा नाही. माणसाच्या तोंडात राहून मला मूग गिळून बसावे लागले, आता मात्र बोलतो.

माझा जन्म कवळ्या बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात झाला. तिथे काम करणाऱ्या ताईने आपल्या धाकट्या भावाच्या वरच्या दातांचा प्लास्टरचा साचा घेतला, त्यावर तापवलेले रबर बसवले आणि जेवणाच्या सुट्टीत माझ्या कडा घासून गुळगुळीत केल्या. वरच्या दातांवर घालायचा, खालच्या नव्हे, असे तिने दोनदा बजावले. मी काय कुक्कुलं बाळ आहे का, म्हणून तो हसला.

धाकटा तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. रग्बीच्या एका मोठ्या क्लबाने त्याला वर्षभरासाठी पगारावर घेतले होते. लांबुळका चेंडू घेऊन धावत येणाऱ्याला कंबरेत मिठी मारून आडवे पाडायचे, हे त्याचे काम. करारपत्र आईने फ्रिजवर चिकटवले होते आणि दूधवाल्यालाही दाखवले होते.

हंगामाआधी क्लबच्या डॉक्टरांनी सगळ्यांची एक परीक्षा घेतली. दहा शब्द ऐकायचे आणि परत सांगायचे, आकडे उलटे म्हणायचे, एका पायावर उभे राहायचे. हे गुण लिहून ठेवतात. पुढे सामन्यात डोक्याला मार बसला, की पुन्हा तीच परीक्षा. गुण घसरले तर खेळाडू बाहेर. किती शहाणपणाची पद्धत! पण शहाण्यांच्या घरात एखादा दीडशहाणा असतोच. संघातल्या सर्वांत जुन्या खेळाडूला सगळे काका म्हणत. रांगेत उभे असताना तो धाकट्याच्या कानाशी लागला.

"आज मुद्दाम चूक. आज चारच शब्द सांगितलेस, तर पुढे डोकं आपटलं तरी चारांवर भागतं. आम्ही सगळ्यांनी हेच केलंय."

मी धाकट्याच्या मोज्यात खोचलेला होतो. त्याने आत जाऊन चारच शब्द सांगितले. बाहेर आल्यावर काकाला दहाच्या दहा घडाघडा म्हणून दाखवले आणि दोघे पोट धरून हसले.

पहिले तीन सामने झोकात गेले. वर्तमानपत्रात फोटो आला, त्यात मीसुद्धा चमकत होतो, खोटे कशाला बोलू. चौथ्या सामन्यात एकाला पाडताना त्याचा गुडघा धाकट्याच्या कानशिलावर बसला. मी तोंडातून उडून गवतात पडलो. दात एकही हलला नव्हता, माझे काम मी केले होते. डॉक्टरांनी त्याला बाजूला नेऊन दहा शब्द ऐकवले. तो मला मुठीत चुरगाळत आठवत राहिला, आठवत राहिला, आणि चार शब्द सांगू शकला. या वेळी ते नाटक नव्हते. डॉक्टरांनी कागद पाहिला. तेव्हा चार, आता चार. त्यांनी त्याला परत मैदानात पाठवले! पुढची वीस मिनिटे तो त्या डोक्याने टक्कर घेत होता आणि प्रशिक्षक टाळ्या वाजवत होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मंगळवारी सरावाला निघताना त्याने मला डबीतून काढले आणि खालच्या दातांवर बसवू लागला. एकदा, दोनदा, तीनदा. मग ताईवर खेकसला, की तूच हा वाकडा बनवलास. ताईने हातातला कप खाली ठेवला. तिने त्याला तडक क्लबात डॉक्टरांसमोर नेऊन बसवले.

पुन्हा दहा शब्द. घाम फुटेपर्यंत आठवून त्याने पाच सांगितले.

"चाराचे पाच झाले," डॉक्टर म्हणाले. "सुधारलाय की."

दारात प्रशिक्षक उभे होते. शनिवारी मोठा सामना होता. काका कोपऱ्यात आपल्या बुटांकडे बघत होता. धाकट्याने ताईकडे पाहिले.

"डॉक्टर, तेव्हाचे चार खोटे होते. मला दहाही येत होते. आजचे पाच खरे आहेत."

त्या दिवसापासून त्याचे खेळणे बंद झाले. वर्ष सरल्यावर क्लबाने नवा करार दिला नाही. आईने फ्रिजवरचा कागद काढून घडी घालून ठेवला. काका मात्र अजून खेळतो, आणि नव्या मुलांच्या कानाशी अजून लागतो. याचा मला राग येऊ नये तर काय व्हावे?

आता मी ताईच्या कारखान्यात, धाकट्याच्या दातांच्या साच्याशेजारी फळीवर असतो. रविवारी तो तिथे येतो, ताई त्याला दहा शब्द वाचून दाखवते. परवा सात आले.

मित्रांनो, खेळा, पडा, धडपडा. पण लागले तर लागले म्हणून सांगा, आणि कोणी काका कानाशी लागला तर त्याला तिथेच गप्प करा. धाकट्याचा दात पडला असता, तर ताईने या साच्यावरून हुबेहूब तसाच बनवून दिला असता. डोक्याचा साचा घेता येत नाही. घेतल्यासारखा होता तो त्या परीक्षेच्या कागदावरच, आणि तो त्याने हसत हसत खोटा लिहून दिला.