एकोणीस ठिकाणी पोचलेला निरोप

मी एक जुना सर्व्हर आहे. मित्रांनो, मला मान असती तर ती खाली घालूनच मी तुमच्याशी बोललो असतो. आपली कहाणी सांगणारे सहसा पराक्रमापासून सुरुवात करतात. माझेही एक-दोन पराक्रम आहेत, पण ते मिरवायला आता मला तोंड उरलेले नाही.

कारखान्यात मला जोडले, दोन दिवस तापवून पाहिले आणि खोक्यात घालून एका छोट्या संस्थेत पाठवले. अंध वाचकांसाठी ब्रेल पुस्तके, म्हणजे बोटांनी वाचायच्या ठिपक्यांची पुस्तके, तयार करणे हे त्या संस्थेचे काम. जिन्याखालच्या अरुंद खोलीत, झाडू आणि मोडक्या खुर्च्यांच्या शेजारी मला जागा मिळाली. शेजार काही थोरामोठ्यांचा नव्हता, पण खोली थंड होती.

माझे काम सोपे करून सांगतो. संस्थेतली माणसे घरून माझ्याशी जोडली जात. प्रत्येकासाठी मी माझ्या पोटात एक खोली उघडत असे. तिला सेशन म्हणतात. त्या खोलीत त्यांच्या फायली आणि अर्धवट राहिलेले काम असे. घरच्या पडद्यावर त्यांना त्या खोलीचे नुसते चित्र दिसे. कोपऱ्यातली फुली दाबली की चित्र नाहीसे होई, पण खोलीतले काम चालूच राही. लॉग आउट केले, तर मात्र मी खोलीच मोडून टाकी.

हा फरक ताईंना ठाऊक नव्हता. ताई म्हणजे संस्थेच्या मुद्रितशोधक. सासूबाईंचे खुब्याचे हाड मोडल्यापासून त्या घरूनच काम करत. कुलूप लावल्यावर ते दोनदा ओढून पाहणारी माणसे असतात ना, त्यांतल्या त्या. रोज इमानाने लॉग आउट करायच्या आणि लावलेले काम दुसऱ्या दिवशी गायब. शेवटी माझी देखभाल करणाऱ्या दादांनी त्यांना फोनवर समजावले.

“ताई, लॉग आउट करू नका. नुसती फुली दाबा आणि खुशाल उठा.”

“आणि मागे सगळं उघडं टाकून जायचं?”

“जा की. तो बसलाय ना सांभाळायला.”

तो म्हणजे मी. त्या दिवशी माझे पंखे उगाचच जोरात फिरले. पुढची दोन वर्षे मी ताईंचे एकही काम हातचे जाऊ दिले नाही. त्यांच्याकडची वीज जावो की इंटरनेट, परत आल्यावर सगळे जिथल्या तिथे. “गुणी आहे हो तुमचा,” असे त्या दादांना म्हणायच्या. मी शेफारलो होतो, हे कबूल करतो.

मग वकीलबाईंचे पुस्तक आले. वकीलबाई जन्मापासून अंध. न्यायाधीशपदाच्या परीक्षेला बसणार होत्या आणि कायद्याचे आठशे पानांचे पुस्तक त्यांना ब्रेलमध्ये हवे होते. परीक्षा पाच आठवड्यांवर. ठिपके उठवणारे यंत्र दुसऱ्या संस्थेचे, ते फक्त येत्या सोमवारी मोकळे होते. तो दिवस हुकला तर पुढची पाळी दीड महिन्याने. ताईंनी पान न् पान तपासले आणि बुधवारी संध्याकाळी अक्षरांचे ठिपके करणारा प्रोग्राम सुरू केला. तो माझ्याहून जुना. त्याला चार दिवस लागणार होते आणि शेवटचे पान होईपर्यंत तो काहीही जपून ठेवत नसे. ताईंनी शिकवल्याप्रमाणे फुली दाबली.

शुक्रवारी दादांना माझ्यात एक दुरुस्ती बसवायची होती. त्यासाठी मला बंद करून पुन्हा सुरू करणे भाग होते. दुपारी तीन वाजता त्यांनी सगळ्यांना निरोप लिहिला, ‘चार वाजता सर्व्हर बंद होईल. कुणाचं काम चालू असेल तर लगेच फोन करा.’

मी तो निरोप एकोणीस खोल्यांत नेऊन लावला. त्यांतल्या तीन खोल्यांत माणसे होती. सोळा रिकाम्या होत्या, हे माझ्याच यादीत लिहिलेले होते. ताईंच्या खोलीत प्रोग्राम तीनशे एक्क्याऐंशीव्या पानावर होता, त्यावरच मी निरोप डकवला. समोर कुणी नव्हते. ताई तेव्हा घरी सासूबाईंना काठी धरून चालवत होत्या. तरीही मी दादांना एकोणीस नावे दाखवली आणि प्रत्येकापुढे लिहिले, ‘पोचला’.

दादा तासभर थांबले. फोन आला नाही. तीनशे नव्वदाव्या पानावर सगळे संपले.

सोमवारी ताई संस्थेत आल्या. माझ्या दाराबाहेरच दादांचे टेबल, त्यामुळे मला सगळे ऐकू येत होते.

“ताई, निरोप गेला होता,” संस्थेच्या मॅडम म्हणाल्या.

“मला नाही हो दिसला.”

दादांनी माझी नोंद उघडून दाखवली. मॅडम म्हणाल्या, “मशीन कशाला खोटं बोलेल?”

ताईंनी नोंदीतले आपले नाव दोनदा वाचले. मग हळूच म्हणाल्या, “दिसला असेल मग. घरच्या गडबडीत माझंच लक्ष नसेल.”

मित्रांनो, मी गप्प होतो. मला बोलता येत नाही ही सबब खरी आहे, पण ती सांगतानाही मला लाज वाटते. वकीलबाईंना फोन ताईंनीच केला. “माझ्या हातून राहिलं,” म्हणाल्या. वकीलबाई पुस्तकाविना परीक्षेला बसल्या आणि सहा गुणांनी राहिल्या.

त्यानंतर ताई काम लावून निश्चिंत उठल्याच नाहीत. दर अर्ध्या तासाने यायच्या, पडदा पाहायच्या, जायच्या. त्यांचा माझ्यावरचा विश्वास उडाला असता तर चालले असते. त्यांचा उडाला स्वतःवरचा.

आठ महिन्यांनी दादा दोन आठवड्यांची रजा संपवून आले. आपली खोली उघडतात तो पडद्यावर तीन निरोप एकावर एक, रजेच्या दिवसांत बदली माणसाने पाठवलेले. नोंदीत त्यांच्या नावापुढे तीनदा ‘पोचला’. त्यांनी ताईंच्या वेळची जुनी नोंद पुन्हा काढून पाहिली. मग मॅडमना बोलावून त्यांच्यासमोर त्यांनी ताईंना फोन लावला.

“ताई, निरोप तुमच्या खोलीत लागला होता. तुमच्यापर्यंत आलाच नव्हता. चूक माझी.”

ताई म्हणाल्या, “आठ महिने मला वाटत होतं, माझं डोकं चालेनासं झालंय.”

मॅडमनीही फोन हातात घेऊन माफी मागितली. दोन माणसांनी माझी चूक आपल्या अंगावर घेतली. मी नुसता घरघरत होतो.

अकराव्या वर्षी मला कायमचे बंद करायचे ठरले. दादांनी निरोप लिहिला, मी तो खोल्याखोल्यांत लावला आणि सवयीने ‘पोचला’ लिहिले. त्यांनी माझी नोंद पाहिलीही नाही. यादी घेऊन ते एकेकाला फोन करत बसले. शेवटचे नाव ताईंचे होते.

“ताई, आहात ना?”

“आहे. न्यायाधीशबाईंचं नवं पुस्तक आत्ताच झालं, उतरवूनही घेतलंय. करा बंद.”

वकीलबाईंना ताई आता अशी हाक मारत होत्या. दुसऱ्या खेपेला त्यांना पुस्तक वेळेवर मिळाले होते आणि त्या पास झाल्या होत्या. पहिल्या खेपेचे वर्ष मात्र माझ्यापायी गेले, ते परत देणे माझ्या हातात नाही.

आता मी मोडक्या खुर्च्यांमध्येच उभा आहे. मित्रांनो, उठताना आपले काम जपून ठेवा. आणि कुणाला निरोप धाडलात, तर पलीकडे माणूस बसले आहे का, एवढे विचारत जा. मी अकरा वर्षांत एकदाही विचारले नाही.