पिवळी कड

मंजुळाबाईंच्या पत्र्यावरच्या पॅनेलची वीज दोन आठवड्यांत निम्म्यावर आली, तेव्हा क्षमाला वाटलं, मढच्या खाऱ्या हवेने एखादी वायर खाल्ली असेल. ती नाहूरहून सकाळीच निघाली, वर्सोव्याहून फेरीबोट धरली आणि नऊच्या सुमाराला कोळीवाड्यात पोचली.

काचेवर नॅनोकणांचा अतिशय पातळ काळा थर देऊन उन्हाची वीज करायची, हे क्षमाचं पाच वर्षांचं काम. प्रयोगशाळेतल्या आकड्यांनी सगळे खूश होते. पण समुद्राकाठी हा थर किती टिकतो, ते पाहायचं होतं. म्हणून मार्चमध्ये तिने मंजुळाबाईंच्या पत्र्यावर चार पॅनेल बसवली. त्यांवर मासळीची थंड पेटी चालायची. बर्फासाठी धक्क्यावरची रोजची खेप वाचली, म्हणून बाई भेटेल त्याला कौतुकाने पेटी उघडून दाखवायच्या.

क्षमा शिडीवर चढली आणि तिथेच थबकली. काळ्या काचांच्या कडा हळदीसारख्या पिवळ्या पडल्या होत्या. कडेचं सील घासून घासून सुटलं होतं. आत पाणी गेलं होतं.

"काय झायला गो बाय?" खालून मंजुळाबाईंनी विचारलं. "मी तं रोज धुतंय. तूच बोललीस ना, खार बसू देऊ नको म्हणून?"

"कशाने धुता, मावशी?"

"नारलाच्या काथ्याने. चांगला घासून."

ओल्या फडक्याने हलकेच पुसा, हे सांगायचं राहून गेलं होतं. क्षमाने डोळे मिटून घेतले. त्या थरात शिसं होतं. सील शाबूत असेपर्यंत काही धोका नव्हता. पिवळं पडलं म्हणजे थर विरघळायला लागला होता.

"धुतलेलं पाणी जातं कुठे?"

"जातं कशाला? नळ दिवसाआड येतो." बाईंनी पन्हळीखालच्या निळ्या पिंपाकडे बोट केलं. "त्यातच जवला धुतंय."

अंगणभर जवळा वाळत पडला होता. घमेल्यात बोंबील होते. बाईंची सून रोशनी सुपाने जवळा पाखडत होती. क्षमा घाईघाईने शिडी उतरली. "रोशनी, थांब. हात धू आधी. नळाच्या पाण्याने." मग तिने शक्य तितक्या सोप्या शब्दांत सगळं सांगितलं. सांगताना तिला आपलाच आवाज परका वाटत होता.

मंजुळाबाईंनी पिंपावर झाकण ठेवलं. "किती दिवसांपासून?"

"दोन आठवडे असतील. कदाचित जास्त."

"दोन आठवड्यांचा माल बोरिवलीच्या बाजारात गेला."

क्षमाने प्रयोगशाळेतल्या सरांना फोन लावला. श्यामकांत सरांनी ऐकून घेतलं. "पॅनेल उतरव. पाण्याचे आणि मासळीचे नमुने आण. घरातल्यांचं रक्तही तपासून घे. नवीन पॅनेलचा शब्द देऊ नकोस, हा प्रयोग बहुतेक बंद होईल."

"आणि विकलेला माल, सर?"

"ते महापालिकेला कळवू. पण सुटा विकलेला जवळा कोण शोधणार, क्षमा?"

दुपारपर्यंत तिघींनी मिळून अंगणातला जवळा पिशव्यांत भरला. मंजुळाबाईंनी एकदाही आवाज चढवला नाही. त्या चिडल्या असत्या, शिव्या दिल्या असत्या, तर क्षमाला बरं वाटलं असतं. पेटीतली पापलेटं स्वच्छ होती, पण ती कोणी घेईना. एव्हाना गल्लीत बातमी फुटली होती.

आठ दिवसांनी अहवाल आला. पाण्यात शिसं निघालं, जवळ्यात अगदी थोडं. घरातल्यांच्या रक्तात धोक्याइतकं नव्हतं. क्षमा ते सांगायला पुन्हा मढला गेली. अंगण रिकामं होतं. मंजुळाबाई धक्क्यावरून बर्फाची पाटी डोक्यावर घेऊन येत होत्या. त्यांनी पाटी उतरवली, पदराने मान पुसली आणि अहवाल नीट ऐकला.

"म्हणजे आमी बरे हाव."

"हो, मावशी."

"आणि ज्यांनी इकत घेतला ते?"

क्षमाने हातातला कागद पुन्हा एकदा वाचला. त्यात त्यांच्याबद्दल काहीच नव्हतं.

"माहीत नाही," ती म्हणाली.

बाईंनी मान हलवली आणि बर्फ वितळायच्या आत तो मासळीवर पसरायला त्या घरात निघून गेल्या. क्षमा दारात उभी राहिली. तिला कोणी बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.