जरा वर आखलेली रेघ

मी एमआरआयचा बोगदा बोलतोय. घाबरू नका, चावत नाही, नुसता ठणठण आवाज करतो. माणूस आडवा होऊन माझ्या पोटात शिरतो आणि मी त्याचं चालतं हृदय बघतो. झडप उघडते कशी, मिटते कशी, मिटल्यावर किती रक्त मागे गळतं, सगळं. पण मोजायचं कुठे, ते टेक्निशियन ठरवतो. तो पडद्यावर रेघ आखतो, तिच्यावरून जाणारं-येणारं रक्त मी मोजतो. रेघ झडपेला लागून हवी. वर सरकली की गळती कमी भरते.

माझा टेक्निशियन लोण्यासारखा मऊ माणूस. पेशंटच्या पायांवर आठवणीनं पांघरूण घालणारा. त्या मऊपणानंच घात केला.

गेल्या वर्षी पोहायला शिकवणाऱ्या एक बाई आल्या, सोबत धाकटी बहीण. गळती जास्त निघाली तर लगेच झडप बदलायची, नाहीतर थांबायचं, असं डॉक्टरांचं ठरलं होतं. "श्वास रोखा" म्हटल्यावर बाई हसल्या. तीस वर्षं पोरांना हेच शिकवतेय म्हणाल्या. आणि दहा आकडे मोजेपर्यंतसुद्धा त्यांना श्वास रोखता आला नाही. चारदा केलं, चारही वेळा चित्र फिसकटलं. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. अहो, ती धापच दुखणं सांगत होती! पण बाईंना लाज वाटली आणि माझ्या टेक्निशियनला दया आली. त्यानं पाचव्यांदा सांगितलं नाही. चित्र जिथे जरा स्वच्छ होतं तिथे, झडपेपासून बरीच वर, रेघ मारली आणि मोजून मोकळा झाला. मी जिवाच्या आकांतानं ठणठणलो. पण ते मी रोजच करतो, कोण लक्ष देणार?

रिपोर्ट आला: गळती मध्यम, वर्षानं बघू. दोघी बहिणी हसत घरी गेल्या.

वर्षानं बाई आल्या त्या चाकांच्या खुर्चीतून. या वेळी बराच वेळ घेऊन स्वच्छ चित्र मिळवलं आणि रेघ जागेवर पडली. निम्म्याहून जास्त रक्त मागे येत होतं आणि हृदय ताणून ताणून पार सैल पडलं होतं. सर्जननी सांगितलं, आता ऑपरेशन झेपायचं नाही.

टेक्निशियननं जुनी चित्रं उघडली आणि वर मारलेली ती रेघ त्याला दिसली. मग उठून बाईंपाशी गेला आणि रेघेचं सगळं खरं सांगितलं. बहीण त्याच्या अंगावर धावून गेली. बाईंनी तिला हातानंच थांबवलं.

"पोरं रडली तरी मी त्यांना पुन्हा पाण्यात उतरवायचे," त्या म्हणाल्या. "तुम्ही मला का नाही उतरवलंत?"

बाई महिन्याभरात गेल्या.

आता तो कुणाला सोडत नाही. सहा-सहा वेळा करायला लावतो. लोक त्याला दगड म्हणतात, आणि घरी जेवताना त्याला घास उतरत नाही असं त्याचा डबा घेऊन आलेली त्याची बायको दाराबाहेर फोनवर कुणाला तरी सांगत होती. माझं तर काय, नवं यंत्र आलं की मला भंगारात काढतील, त्याचं मला सुखदुःख उरलेलं नाही.

माझ्यात शिरणाऱ्यांनो, एवढंच मागतो. श्वास रोखवत नसेल तर लाजू नका, तोंडानं सांगा. मला दिसतं सगळं, सांगता काहीच येत नाही.