रिकाम्या फिरणाऱ्या लेथची कहाणी

मित्रांनो, माझ्या अंगावरचा गंज बघून नाकं मुरडू नका. मी लाकूड कातणारा एक जुना लेथ आहे. अंग सगळं ओतीव लोखंडाचं. मालकांनी मला आणलं तेव्हा त्यांचं नवंनवं लग्न झालं होतं. खुर्च्यांचे पाय, पाळण्यांचे खांब, जिन्यांचे कठडे, काय काय कातलं म्हणून सांगू! संध्याकाळी वहिनी, म्हणजे मालकांची बायको, दवाखान्यातली नोकरी करून यायच्या आणि जमिनीवरचा भुसा बघून म्हणायच्या, "काय हो हा पसारा!" पण चेहरा खुललेला असायचा.

पुढे बाजारात तयार सामान स्वस्तात मिळू लागलं आणि आमचं गिऱ्हाईक तुटलं. भाडं, वीज सगळं मालकांच्या खिशातून जाऊ लागलं. घरी मात्र त्यांनी अवाक्षर काढलं नाही. वहिनींची यायची वेळ झाली की ते मला चालू करायचे, तेही लाकूड न लावता! मी आपला घरघरतोय रिकामाच. भिंतीपलीकडे घर. थकलेल्या वहिनी हल्ली इकडे डोकावत नसत. त्यांना वाटे, काम जोरात आहे. मला मेली अशी शरम वाटायची!

आमच्या मुलखात नवराबायकोच्या कमाईवर मिळून कर बसायचा. कराचे कागद करणारा वहिनींचा मावसभाऊ. त्याच्यापुढे तोटा कबूल केला तर सासरी नाक कापलं जाईल ना! मालक दरवर्षी सांगायचे, "झकास चाललंय." मग न झालेला नफा वहिनींच्या पगारात मिळवला जाई आणि कर आणखी वाढे.

यंदा कर भरायला पैसेच उरले नाहीत. मालकांनी मला विकायचं ठरवलं. भंगारवाला मला ठोकून बघून गेला.

त्या संध्याकाळी वहिनी किल्ली मागायला आत आल्या. मी फिरतच होतो. त्यांनी खाली पाहिलं.

"अहो, भुसा कुठाय?"

मालकांनी मला बंद केलं. "काम नाही गं. कधीपासूनच नाही. नुसता तोटा आहे. कोणत्या तोंडाने सांगू तुला?"

"मी काय परकी आहे? संसार दोघांचा आणि तोटा तेवढा तुमच्या एकट्याचा होय?" रागावता रागावता वहिनींना रडू फुटलं.

दोघांनी खरं काय ते सांगितल्यावर मावसभावाने तर कपाळावर हात मारला. "अहो भाऊजी, तोटा सांगितला असता तर तो ताईच्या पगारातून वजा झाला असता! लाजेपायी जास्तीचा कर भरत बसलात."

यंदाचे कागद त्याने दुरुस्त केले. कर पुष्कळ उतरला. मागच्या वर्षांचे पैसे मात्र गेले ते गेलेच. भंगारवाल्याला वहिनींनीच वाटेला लावलं.

आता मोडक्या खुर्च्यांची दुरुस्ती येते, थोडीथोडी. मित्रांनो, घरातल्या जुन्या यंत्राला तेल द्या, फडक्याने पुसा, पण दाखवण्यापुरतं फिरवू नका. आम्ही आतून झिजतो हो. काम नसलं की मालक मला बंदच ठेवतात. मग भिंतीपलीकडून दोघांचं बोलणं ऐकू येतं. इतकी वर्षं माझ्या घरघरीत मला ते कधी ऐकूच आलं नव्हतं.