सात पिढ्या आणि माझा जोडा

"मनुष्य आपले कुळ विसरेल, श्वान कधीच विसरणार नाही!" हे त्रिकालाबाधित सत्य श्वाननाथ महाराजांनी गोदेच्या घाटावर घोषित केले. तेवढ्यात मांडीवरच्या दैवी पिल्लाने महाराजांच्या कफनीवर धार सोडली. पुढच्या रांगेने तीर्थ म्हणून हात पुढे केले.

साल १९३४. महाराज सिद्धकुळातली पिल्ले विकत. प्रत्येकासोबत लाखेची मोहोर लावलेली वंशावळ. दहा कागद पसरले, की पिल्लू हुंगत येऊन नेमकी आपलीच वंशावळ उचली. अशा पिल्लाने जखम चाटली, की पिसाळलेल्या कुत्र्याचे विष उतरते म्हणे.

पिंपळगावच्या नवसाबाई सात वर्षांच्या सिंधूला कडेवर घेऊन पुढे आल्या. परवाच पिसाळलेल्या कुत्र्याने पोरीची पोटरी फोडली होती. दवाखान्याकडे निघालेला त्यांचा टांगा गर्दीपाशी थांबला होता.

"माउली, तिथं पोटात चौदा सुया टोचतात," महाराज कळवळले. "इथं एक जीभ पुरे."

पिल्लाने वंशावळ उचलली. जयजयकार झाला. नवसाबाई सिंधूची पट्टी सोडू लागल्या.

"थांबा, बाई!" माझ्याशेजारचे सलाउद्दीन ओरडले. ते जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर. त्यांनी पिल्लाच्या तोंडातला कागद काढून घेतला. "बाप भैरव, आजा रणभैरव, पणजा वीरभैरव... सात पिढ्या. महाराज, जन्मतारीख कुठंय? आणि आई?"

"वंशावळीत आई कशाला?" गर्दीतून कोणीतरी खेकसले.

खरेच होते. आमच्या नाशकातल्या उपाध्यांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्या पुरुषच पुरुषांना जन्म देत आले आहेत. कोणाला काही खटकले नव्हते.

"आमच्या रजिस्टरात आई पहिली," सलाउद्दीन म्हणाले. "बाप कोण ते लोक सांगतात. आई डोळ्यांना दिसते."

नवसाबाईंचा हात पट्टीवरच थांबला. "सात पिढ्यांत एकबी बाई नाय? मग हे जल्मलं कुणाच्या पोटी?"

"माउली, शंका घेतलीस तर पोर हातची जाईल!" महाराज गरजले.

नवसाबाईंनी सिंधूला छातीशी धरले. सलाउद्दीननी कागद हुंगला, त्यावरचे काहीतरी अंगठ्याने खरवडून काढले आणि तोच अंगठा माझ्या जोड्यावर पुसला. दहा कागद पुन्हा पसरले. पिल्लू सरळ माझ्या जोड्याला येऊन चिकटले. म्हणजे आठव्या पिढीत मी होतो.

"बकऱ्याची चरबी," सलाउद्दीन म्हणाले. "याला कुळ नाही, भूक कळते. बाई, टांगा!"

नवसाबाईंनी पट्टी घट्ट आवळली आणि धावतच टांगा गाठला. गर्दी त्यांच्याकडे पाहत होती, तेवढ्यात महाराज पिल्लाला तिथेच टाकून कफनी सावरत पसार झाले.

लोकहो, पिल्लू घ्याल तर आधी त्याची आई पाहा, जन्मतारीख विचारा, सही कोणाची ते तपासा. कुत्रे चावले तर जखम साबणाने धुवा आणि दवाखाना गाठा. मोहोर लावल्याने खोटे खरे होत नाही.

चौदावी सुई झाली त्या दिवशी मी सिंधूला भेटायला गेलो.

"आबा, ते पिल्लू कुठंय?"

"सलाउद्दीनचाचांकडे."

"मला आणून द्या ना," ती म्हणाली. "कागद नको."