तोंडातले खिळे

"तोंडात खिळे असताना बोलू नये गं, पोटात जातील."

बाबांचा हा आवाज धाकटीच्या कानात अजून होता. ती तेव्हा खुर्चीच्या हाताएवढी उंच होती. बाबा ओठांत बारीक खिळे धरायचे, जिभेनं एकेक पुढे सारायचे, लोहचुंबकाच्या हातोडीनं टिपायचे आणि लाकडात ठोकायचे. बाबा गेले. हातोडी तिच्याकडे आली, सोफ्यांचं दुकान थोरल्याकडे, दादाकडे गेलं. लोक मूग गिळून गप्प बसतात, धाकटी खिळे धरून बसायची. कोणी काही विचारलं की "हं" म्हणायची. त्या हं-चा अर्थ ज्यानं त्यानं आपापल्या सोयीनं लावावा. दादा नेहमी 'हो' असा लावायचा.

आताही तेच झालं होतं. शाळेतली मैत्रीण एका फिरत्या नाटक कंपनीत पडदे नि कपडे सांभाळायची. तिनं विचारलं होतं, "येतेस का? शिवणारी हवीय. दौरा निघायच्या आत सांग मात्र." दौरा तोंडावर आला, तरी धाकटीनं घरात ब्र काढला नव्हता. कारण त्याच सुमारास दादानं शेजारचा गाळा घ्यायचं ठरवलं, मधली भिंत पाडायचं ठरवलं आणि नवी पाटीसुद्धा रंगवायला टाकली.

"तुझं नाव माझ्या आधी घातलंय," तो म्हणाला. "बाबा असते तर नाचले असते."

"हं."

वैऱ्याच्या तावडीतून माणूस हिसडा मारून सुटतो. मायेच्या मिठीला हिसडा तरी कसा द्यायचा? मागच्या खोलीत ती शिवायला बसायची. तिथल्या एकुलत्या खिडकीला फोमचे तक्ते टेकवलेले. बाहेर ऊन आहे की आभाळ, आत पत्ता लागायचा नाही. आतला आवाजही बाहेर जायचा नाही, फोम सगळं पिऊन टाकायचा.

अशात डॉक्टरीणबाईंचा सोफा आला. स्प्रिंगा बसलेल्या, रेक्झिन तडकलेलं. दुकानाला बाबांनी घालून दिलेला एक नेम होता: सोफ्याच्या पोटात जे सापडेल ते डब्यात ठेवायचं आणि सोफ्याबरोबर परत करायचं. या सोफ्यातून निघाला एक कंगवा, एक गोटी आणि एक कॅसेट. वेष्टनावर ओल्या विटांच्या भिंतीला टेकलेली चार हडकुळी पोरं. नाव होतं तो कोपरा फाटून गेलेला, खाली 'इंग्लंड' तेवढं शिल्लक.

दादा माल पोचवायला गेला तेव्हा तिनं ती बाबांच्या जुन्या टेपरेकॉर्डरमध्ये घातली. वाजते का बघावं, एवढंच.

आधी नुसती खरखर. मग गिटार आली, आणि धाकटीच्या हातातली सुई हातातच राहिली. सोफ्याच्या सांगाड्यावर पट्टा ताणून बसवला की त्यावर बोट मारून बघतात. नीट ताणलेला पट्टा घुमतो. ही गिटार तशी घुमत होती, पण कोणीतरी तो पट्टा अजून ताणत होतं, अजून, तुटेल तुटेल असं वाटेपर्यंत. मग दुसरी गिटार कात्रीसारखी आडवी शिरली. गाणाऱ्याची इंग्रजी तिच्या शाळेतल्या इंग्रजीची कोणीच लागत नव्हती. शब्द तिला कळले नाहीत, आणि शब्दांवाचून काही अडलंही नाही. तो पोरगा कुठंतरी कोंडलेला होता आणि गप्प बसला नव्हता, तेवढं तिला पुरलं.

तिनं कॅसेट उलटली. मग पुन्हा उलटली. हळूहळू त्या गिटारीखाली तिचे स्वतःचे शब्द येऊन बसायला लागले, पाण्यात पाय सोडून बसावं तसे:

ताण ताण रे पट्ट्या, किती ताणशील,
हाताला माझ्या कधी सोडशील.

सोफा संपला की कॅसेट जाणार. म्हणून धाकटीनं सोफा संपू दिला नाही. "स्प्रिंग अजून कुरकुरते," म्हणाली. मग म्हणाली, "फोम दबतोय." निमित्तं सरली तेव्हा दादाची पाठ फिरल्यावर तिनं बैठकीची शिवण उसवली आणि पुन्हा घातली. पुन्हा उसवली. डॉक्टरीणबाईंनी फोन केला, "अहो, सोफा बांधताय की जहाज?" दादानं हसून वेळ मारून नेली.

पण कापड सुईला विसरतं, रेक्झिन विसरत नाही. एकदा पडलेलं भोक बुजत नाही. लहानपणापासून हे माहीत असलेली धाकटी गाण्याच्या भरात नेमकं तेच विसरली.

त्या दुपारी दादा लवकर परतला. ती पाठीचं रेक्झिन ठोकत होती, ओठांत खिळे. टेप चालूच होता. दादानं आधी टेपकडे पाहिलं, मग वाकून बैठकीच्या शिवणीवरून अंगठा फिरवला. शिवणीशेजारी भोकांची एक रिकामी रांग, तिच्याशेजारी आणखी एक.

"नवशिक्यानंसुद्धा असं केलं नसतं," तो म्हणाला. "तुझा हात चुकत नाही. मुद्दाम उसवलंस?"

"हं."

"या गोंगाटासाठी?"

"हं."

"अगं वेडाबाई, मग मला सांगायचं! त्या बाईंकडे मागून घेतली असती कॅसेट. नव्या गाळ्यात मोठा टेप लावून देतो तुला. दिवसभर ऐक, काय?"

तो खरंच देणार होता. हेही हं म्हणून निभावलं की पाटी लागणार, भिंत पडणार आणि ती आयुष्यभर इथंच बसून ती गिटार ऐकणार.

या वेळी तिनं हं केलं नाही. दादाला ते जाणवलं. त्याचं हसू ओसरलं. भोकांकडे एकदा, तिच्याकडे एकदा बघत तो तिच्यापुढे गुडघ्यावर बसला आणि लहानपणी ती खिळे तोंडात घालायची तेव्हा बाबा धरायचे तसा तळहात तिच्या हनुवटीखाली धरला.

"टाक इथं," तो म्हणाला. "टाक आणि बोल."

तिनं खिळे एकेक करून त्याच्या हातावर सोडले. ओले, कोमट. मागे गिटार अजून ताणली जात होती.

"दादा, पाटीवरचं माझं नाव पुसायला सांग. मला या खोलीत नाही राहायचं. मी नाटक कंपनीबरोबर जाणार आहे."